झाकणावरची अक्षरं

अंगठ्याला कड सापडेना. खोक्यातला पहिला लॅपटॉप मांडीवर घेतला होता आणि नेहमीसारखा, न बघताच, झाकणावरून अंगठा फिरवत होते. आमच्या कामाची सुरुवात अंगठ्यापासून होते. मशीन कुठल्याही कचेरीतून आलेलं असो, त्याच्या पाठीवर कुणाचं ना कुणाचं नाव चिकटवलेलं असतंच. कंपनीचं चिन्ह, विभागाचा नंबर, कुणीतरी कंटाळून लावलेली एखादी चांदणी. केस वाळवायचा ड्रायर त्यावर धरायचा, गोंद मऊ होऊ द्यायचा, नखानं कोपरा उचलायचा आणि झोपलेल्या पोराच्या अंगावरून चादर ओढावी तशी ती पट्टी हळूच ओढून घ्यायची. राहिलेल्या चिकटावर तेलाचं बोट. आतल्या पंख्याची धूळ, फुगलेली बॅटरी, जुनी डिस्क यांचं काय ते त्यानंतर. माझ्याबरोबर काम करणारे लिफ्टमामा, जन्मभर लिफ्टा दुरुस्त करून आता इथे रमलेले, म्हणतात, "ताई, तुमचं म्हणजे आधी आंघोळ, मग औषध." पण या झाकणावर अक्षरं अंगठ्याला लागत होती आणि कड लागत नव्हती. मी चष्मा लावला. 'गरजूंना सप्रेम भेट', आणि खाली कंपनीचं चिन्ह. चिकटवलेलं नव्हे, मशीननं खोल कोरलेलं. दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्या झाकणांवर तेच, त्याच जागी, त्याच वळणात. माझ्या छातीच्या डाव्या बाजूला, काखेपासून चार बोटं आत, काहीतरी टोचलं. हात आपोआप तिकडे गेला. तिथं काही नव्हतं. तिथं काहीतरी होतं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली होती.

"काय झालं?" मामांनी विचारलं. मी झाकण त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी वाचलं, मान तिरपी करून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "सप्रेम म्हणे. प्रेम बरंच खोल गेलंय, ताई." मी हसले नाही. मला वाटलं, घासलं तर जाईल. बारीक पॉलिशपेपर घेतला आणि एका झाकणावर घासत बसले. आजवर काय काय काढलंय मी मशीनांवरून, गोंद, शाई, चहाचे डाग, सिगारेटनं जाळलेले खड्डे, हेही जाईल. पण घासल्यावर झाकणाचा वरचा रंग तेवढा गेला. भोवतालचा धातू पांढरा लखलखीत झाला आणि खोलातली अक्षरं काळीच राहिली. आधी वाचायला चष्मा लागत होता, आता खोलीच्या दारातून वाचता येत होतं. मामांनी माझ्या हातातून पॉलिशपेपर काढून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला, जसा लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा.

ही खोली त्याच कंपनीची. तिच्या उंच इमारतीच्या तळघरात, पाण्याच्या पंपांच्या शेजारी. पंप चालू झाले की टेबलावरचे स्क्रू थरथरतात, म्हणून आम्ही ते चहाच्या कपांत ठेवतो. खिडकी नाही. वरच्या कचेरीतली जुनी मशीनं खाली यायची, त्यांत आम्ही जीव घालायचो, आणि ज्यांना मशीन विकत घेणं जमत नाही त्यांच्याकडे ती जायची. वरच्या कचेरीतून आम्हांला भेटायला एकच बाई यायची. तिचं काम असल्या गोष्टी बघण्याचं. तरुण, नीटनेटकी, ओठ सतत ताणलेले. मामा तिला हसरी म्हणायचे, तिच्या पाठीमागे अर्थात. त्या दुपारी हसरी खाली आली. "आवडली का आयडिया, मॅडम? वरच्यांना खूपच आवडलीये. पुढच्या आठवड्यात हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम करायचा. प्रत्येकानं आपला लॅपटॉप असा छातीशी धरायचा," तिनं रिकामे हात छातीशी धरून दाखवले, "झाकण समोर. म्हणजे फोटोत नीट वाचता येतं." मी विचारलं, "आणि अक्षरं नकोत म्हटलं तर?" तिचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे दाराकडे गेले. "मॅडम, मी नाही म्हणत हं. पण वरचे विचारतील ना, मग ही खोली आपण कशासाठी दिलीये?" ती गेली. तिच्या अत्तराचा वास पंपाच्या गंजक्या वासात बराच वेळ उभा होता, वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा. खोली गेली तर मशीनंही गेली, कारण मशीनं इथूनच येतात. इतकं ते सरळ होतं.

लहानपणी माझ्या कोटावर अशीच एक पट्टी होती, डाव्या छातीवर. पांढरी, बोटभर रुंद, तांबड्या दोऱ्यानं भरलेली अक्षरं: 'निराधार बालक निधी'. मी निराधार नव्हते, मला आई होती. वडील गेलेले होते आणि आई एका शिवणघरात इतर बायकांबरोबर ओळीत बसून दुसऱ्यांचे कपडे शिवायची. शाळेत थंडी सुरू होताना कोट वाटले. निळे, जाड, नवे, आतून मऊ. मी तो अंगात घातला आणि माझ्या अंगाला पहिल्यांदा कळलं की ऊब ही बाहेरूनही येते. पट्टी मला दिसतच नव्हती. मान खाली घालून पाहिलं तर अक्षरं उलटी दिसायची, आणि मान खाली घालायला कुणाला वेळ होता? ती दिसत होती समोरच्यांना. बाकावर शेजारी बसणारी मुलगी बोलता बोलता माझ्या तोंडाकडे बघायची नाही, छातीकडे बघायची. शिक्षिका प्रश्न विचारताना आधी तिथं बघायच्या, मग आवाज मऊ करायच्या आणि सोपा प्रश्न विचारायच्या. घरी आल्यावर आईनं कोट पाहिला, हातात घेतला, शिवण तपासली. "कापड चांगलं आहे," म्हणाली. मग खिडकीशी बसली आणि तिनं ब्लेडनं ती पट्टी टाका टाका उसवून काढली. कोटाला एक धागाही न ओढता. काढताना ती गुणगुणत होती. शिवणघरात बायका अशा ओळी जोडायच्या. एकीनं सुरू करायची, दुसरीनं पुढे न्यायची, आणि ओळ कुणाची असं कुणी विचारायचं नाही.

सुई पुढे पुढे जाई, मागे दोरा तिचा लेक,
शिवीन मी सारं जग, उसवीन टाका एक.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शाळेत आली. मुख्याध्यापिकेच्या टेबलावर तिनं ती पट्टी, इस्त्री केलेली, ठेवली आणि अगदी आदरानं म्हणाली, "बाई, हे तुमचं राहिलं होतं." मुख्याध्यापिकांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. कोटासाठी. मी तिथंच, त्या टेबलासमोर, एकेक बटण काढलं.

लोकांना सांगताना मी गोष्ट नेहमी पट्टीपाशी थांबवते. ऐकणारे खूश होतात, वा, काय आई होती म्हणतात. बटणांचं मी सांगत नाही. घरी परतताना वारा कुठून कुठून आत येत होता ते सांगत नाही. आईचा ताठा मी अंगावर घातला होता, कोटाऐवजी, आणि ताठ्याला अस्तर नसतं. आता त्या कोरलेल्या झाकणांसमोर बसले असताना मला आईची ती ताठ मान आठवत होती आणि त्याच वेळी माझी बोटं बटणं काढताना कशी बधिर झाली होती तेही आठवत होतं. अक्षरं नकोत म्हणणं मला सोपं होतं. मला घरी मशीन आहे. थंडी वाजणार होती ती दुसऱ्याच कुणालातरी.

आणि तरीही हात कामाला लागले, कारण हातांना थांबता येत नाही. गळ्यात दोरीला अडकवलेला पेनड्राइव्ह मी पहिल्या मशीनला लावला. मशीन चालवणारी विकतची नवी प्रणाली या जुन्या मशीनांना नाकारते. पडद्यावर सभ्य शब्दांत लिहून येतं की तुमचं यंत्र आता योग्य राहिलेलं नाही. आमच्या प्रणालीला हे वय-बिय माहीत नाही. जगात कुठे कुठे बसलेल्या माणसांनी ती लिहिली, आणि लिहून उघडी ठेवली. बघा, वापरा, पटलं नाही तर बदला, पुढच्याला द्या. लिहिणाऱ्यांची नावंही आहेत तिच्यात, पण ती आत, ज्याला हवं त्यानं उघडून बघावीत अशी. आई कपड्याच्या आतल्या दुमडीत तांबड्या दोऱ्याची एक गाठ मारायची, आपली खूण म्हणून. घालणाऱ्याच्या छातीवर कधी नाही. पडद्यावर एकेक ओळ सरकत वर जायला लागली की मला नेहमी ते शिवणघर आठवतं. एकीची ओळ, दुसरीची ओळ, तिसरीनं सुधारलेली, आणि चाललंय. पंप सुरू झाले. कपातले स्क्रू किणकिणले. पडदा निळा झाला, उजळला, मशीननं डोळे उघडले. आतून इतकं स्वच्छ आणि बाहेरून कपाळावर गोंदलेलं.

त्या संध्याकाळी आईला जेवण वाढताना मी तिला सांगितलं. आईची बोटं आता वाकडी झालीत, सुईत दोरा ओवता येत नाही, पण जीभ अजून सुईसारखी. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग? मला कशाला विचारतेस? तुझे केस पिकले." मी म्हटलं, "आई, मला त्या वर्षी फार थंडी वाजली होती." वाक्य बाहेर पडलं आणि मलाच धक्का बसला. इतक्या वर्षांत ते कधी बोलले नव्हते. आईनं घास खाली ठेवला. "माहीत आहे. ओठ निळे व्हायचे तुझे. मला काय डोळे नव्हते? पडद्यांचा कोट शिवला तो कुणासाठी, शेजारणीसाठी?" खरंच की. तो कोट मी विसरले नव्हते, पण बाजूला ठेवला होता. खिडकीचे दोन पडदे, वडिलांच्या पँटचा पाय, शिवणघरातल्या चिंध्या. बाह्या एकमेकींना अनोळखी. शाळेत सगळे हसले, मीही हसले, कारण तो कोट होताच हसण्यासारखा; पण त्याच्याकडे बघून कुणी आवाज मऊ केला नाही. "तरी तो व्हायला थंडी अर्धी संपली," मी म्हटलं. लहान मुलासारखी अडूनच बसले होते. "हो, अर्धी संपली. थंडी जाते गं, उन्हं आली की. ती अक्षरं कुठल्या उन्हानं जाणार होती?" मग तिनं वाकड्या बोटांनी भाकरीचा तुकडा मोडला. "एक मात्र चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं. अंग तुझं होतं ना. लहान आहे म्हणून नाही विचारलं. तुझी ती माणसं लहान आहेत का?" "नाहीत." "मग इथं काय बसलीस माझं डोकं खात? भाजी वाढ."

आमच्या तळघराची एक रीत आहे. ज्याचं मशीन त्यानं ते एकदा स्वतः उघडायचं. घेऊन जाण्याआधी इथं येऊन बसायचं, स्क्रू काढायचे, आत काय आहे ते बघायचं, बोट लावायचं, आणि पुन्हा बंद करायचं. काही जण घाबरतात, एक जण तर देवाला हात जोडावे तसे मशीनला जोडून बसला होता. पण एकदा उघडलेलं यंत्र पुन्हा तुम्हांला दटावत नाही. त्यामुळे सगळे येणारच होते, एकेक करून, आणि विचारणं अवघड नव्हतं. मला अवघड होतं ते विचारताना आवाज साधा ठेवणं. पहिली आली ती फरशीवाली. रुग्णालयात फरशी पुसते, स्वतःला फरशीवालीच म्हणवून घेते, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हातात घेण्यासाठीचा कोर्स तिला करायचा आहे. वर्ग असतो, आणि तिथं प्रत्येकाला आपलं मशीन न्यावं लागतं. मी तिच्यापुढे मशीन ठेवलं आणि सगळं सांगितलं. खोलीचंसुद्धा. "अक्षरांसकट घेतलंस तर आजच ने. कार्यक्रमात फोटो होईल, आणि खोली राहील. अक्षरं नको म्हटलंस तर दुसरं झाकण शोधू, पण खोली बहुधा जाईल, आणि तुझ्यानंतर जे येतील त्यांना कुठून मशीन देऊ ते मला आज माहीत नाही. आणि झाकण बदलताना काही बिघडलं तर तुझं मशीनही जाईल."

तिनं लॅपटॉप उघडला, पडद्याकडे पाहिलं, मग उठून समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून झाकण वाचलं. पुन्हा येऊन बसली. "म्हणजे मला हे दिसणारच नाही," ती म्हणाली. "नाही." "समोरच्याला दिसणार." "हो." "ताई, वर्गात आम्ही समोरासमोर बसतो. त्यांच्यातली निम्मी त्याच रुग्णालयातली आहेत. मी बादली घेऊन आले की पाय वर घेतात, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. आता एकदाची मी त्यांच्या टेबलाला बसणार, तर त्यांना वाचायला हे देऊ?" ती हसली, पण नाकपुड्या फुलल्या होत्या. "पुढच्यांचं मला कळतं. मी माझी सुट्टीची दुपार देईन तुम्हांला, खोकी उचलायला, काय म्हणाल ते. पण हे झाकण काढा. खरं म्हणजे तुम्ही नका काढू. मला दाखवा, मी काढते."

झाकणं होती. कचेऱ्या एकाच साच्याची मशीनं घाऊक घेतात, आणि त्याच साच्याची मेलेली मशीनं आमच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचलेली होती. कुणाचं काळीज जळालेलं, कुणावर पाणी सांडलेलं, पण पाठी शाबूत. काळी, राखाडी, काही चक्क लाल; लाल कुठल्या विभागाची हौस होती कुणास ठाऊक. आम्ही ती उतरवली, धुतली. मग ते दिवस मला आठवतात ते आवाजांनी. चौकट सुटताना होणारी टकटक, पडद्यामागचा बारीक पट्टा जागेवर बसताना होणारी हलकी टिक, पंपांची घरघर, आणि मामांचं, "ओढू नका, ओढू नका, ती काय जावयाची मिशी आहे?" फरशीवालीच्या कपाळावर घाम होता, हात मात्र जराही हलत नव्हते. "हे उघडलं ते बंद होईल ना?" "उघडलंस तू, बंदही तूच करणार." सगळ्यांनी काही तिच्यासारखं म्हटलं नाही. एका ट्रकवाल्यानं खांदे उडवले, "मला काय, काहीही लिहा," आणि मग सगळ्यात लाल झाकण निवडलं. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं ठाम सांगितलं की त्याला कोरलेलंच हवं. "असू दे की. असलं लिहिलेलं कोण चोरतंय?" मामा म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोकं." आम्ही त्याचं झाकण राहू दिलं. अंग त्याचं होतं. पण तो गेल्यावर मला जरा रुखरुख लागली, आणि त्या रुखरुखीतच मला दिसलं की मला सगळ्यांनी आईसारखं वागायला हवं होतं, आणि ते तसं वागणार नव्हते, आणि हेच बरं होतं.

काढलेली कोरीव झाकणं मी पुसली. एकेक, मऊ कापडानं, ठसे राहू नयेत म्हणून. ज्या खोक्यातून ती आली त्याच खोक्यात, मध्ये कागद घालून, रचली. पॉलिशपेपरनं मी बिघडवलेलं ते सगळ्यात वर ठेवलं. लपवायचं कशाला?

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हसरी ट्रॉली घेऊन खाली आली, मशीनं हॉलमध्ये न्यायला. टेबलं रिकामी होती. एका कोपऱ्यात फरशीवाली तेवढी शेवटचा स्क्रू पिळत होती. कामावरून सुटका मिळेल तशी येऊन येऊन तिचं काम सगळ्यात उशिरा संपलं होतं. "मशीनं कुठायत?" हसरीनं विचारलं. "गेली. ज्यांची होती त्यांच्या घरी." "पण फोटो..." मी खोकं तिच्या ट्रॉलीवर ठेवलं. माझ्या छातीच्या डाव्या बाजूला ते टोचणं पुन्हा आलं, आणि या वेळी मी हात तिकडे नेला नाही. मला वाटलं होतं आवाज चढेल. तो आईसारखाच आला, आदरानं भरलेला आणि तसूभर न हलणारा. "हे तुमचं राहिलं होतं."

तिनं खोक्यात पाहिलं. ओठ सैल झाले. न हसणारा तिचा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. तो बराच लहान होता, नुकतंच कुणीतरी रागावलेल्या मुलीचा. "मॅडम, वरचे खोली काढून घेतील. आजच." "घेऊ देत." "मी काहीच करू शकणार नाही." "तू नको करू. तू फक्त हे वर ने, आणि कुणी दिलं ते सांग. माझं नाव सांग, त्यांचं सांगू नको." पंप सुरू झाले. कपांतले स्क्रू वाजायला लागले, आणि मामांनी ते एकेका कपातून एका पिशवीत ओतायला सुरुवात केली, जणू बाजार उठला. हसरी ट्रॉलीचा दांडा धरून उभीच होती. "मग तुम्ही सगळे जाणार कुठे?" तिनं विचारलं, आणि त्या प्रश्नात वरच्या कचेरीचं काही नव्हतं, तो तिचा स्वतःचा होता. मामांनी पिशवीचं तोंड बांधलं. "पोरी, तळघरातून माणूस कुठे जातो?" म्हणाले, "वर."

आम्ही मागच्या जिन्यानं गेलो नाही. मामांनी पुढच्या लिफ्टचं बटण दाबलं, पाहुण्यांसाठीच्या, जिची दोरखंडं कधीकाळी त्यांनीच बदलली होती. मी ड्रायर आणि तेलाची बाटली घेतली होती, पेनड्राइव्ह गळ्यात होता. फरशीवालीनं आपलं मशीन छातीशी धरलं होतं, झाकण समोर. हसरीनं दाखवलं होतं अगदी तसंच, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. लिफ्टचं दार आरशासारखं चकचकीत होतं. त्यात आम्ही तिघं उभे होतो, आणि मध्ये ते राखाडी झाकण, एका कडेला पोचा आलेलं, धुतलेलं, कोरं. फरशीवाली त्याच्याकडे बघत राहिली. समोरच्याला काय दिसणार ते ती एकदा वाचून घेत होती. मग दार उघडलं.